पोर्ट्रेटसाठी फिल्म की डिजिटल? पूर्व भागातल्या चेहऱ्यांसाठी सल्ला हवाय

पूर्वभागकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

खूप दिवस मनात असलेलं एक काम आता हातात घेतोय. मी सोलापूरच्या पूर्व भागात वाढलो. आमच्या बोळात एका अंगाला यंत्रमागाचे कारखाने, दुसऱ्या अंगाला उंबऱ्यात बसून मांडीवर सूप घेऊन विड्या वळणाऱ्या बायका. मराठी, तेलुगू, कन्नड तिन्ही भाषा एकाच ओट्यावर ऐकू यायच्या. चादरीचे माग बघता बघता कमी झाले. ज्यांनी आयुष्यभर माग चालवले ती माणसं आता साठी-सत्तरी ओलांडलेली आहेत. त्यांचे आणि विडी कामगार बायकांचे नीट पोर्ट्रेट काढायचेत. चेहरा आणि हात, मागे त्यांचीच जागा, बस्स. आणि प्रत्येकाला भिंतीवर लावता येईल असा एक मोठा प्रिंट द्यायचाच, ही माझी अट आहे.

सध्या माझ्याकडे कॅनन ७००डी आणि त्याच्यासोबत आलेली १८-५५ लेन्स आहे. सगळं मिळून सत्तर हजार बाजूला ठेवलेत. दोन वाटा दिसतात. एक, जुनी फुलफ्रेम (मोठ्या सेन्सरची) बॉडी आणि ८५ एमएम एफ १.८ लेन्स (एफचा आकडा जितका लहान, तितका उजेड जास्त). दुसरी, मामांकडे पडून असलेला जुना फिल्मचा कॅमेरा, याशिका मॅट १२४जी, दुरुस्त करून घ्यायचा आणि बाकीचे पैसे रोलवर घालायचे. मन दुसरीकडे ओढतंय. मामांनी त्या कॅमेऱ्यावर काढलेले आज्जीचे कृष्णधवल फोटो मी लहानपणापासून बघत आलोय, त्यातली तिची कातडी, डोळ्यांतला उजेड मला डिजिटलवर कधी जमला नाही.

ज्यांनी दोन्हीवर माणसांचे फोटो काढलेत त्यांनी सांगावं.

---

लेन्सवाला_जुळे

मालक, डिजिटल. विचारसुद्धा करू नका.

तुम्ही कारखान्यात फोटो काढणार म्हणता, तर आधी तिथला उजेड मोजा. वर दोन-चार ट्यूब, भिंती काळवंडलेल्या, खिडकीवर सुताची धूळ. ४०० आयएसओची (आयएसओ म्हणजे उजेड टिपायची ताकद) फिल्म आणि याशिकाची एफ ३.५ लेन्स धरली तर शटर सेकंदाच्या पंधराव्या ते तिसाव्या भागावर येतं. मागावर उभा असलेला माणूस हलतच असतो, माग बंद करून उभा राहिला तरी श्वास घेतोच. ट्रायपॉड लावायला दोन मागांमध्ये जागा कुठंय? तिथं आयएसओ १६००-३२०० वर जाता आलं पाहिजे आणि लेन्स एफ २ वर उघडता आली पाहिजे. जुनी निकॉन डी-७५० तुमच्या बजेटात बसते. २०१४ चं मॉडेल असलं तरी ३२०० वर आजही स्वच्छ फाईल देते.

कारखान्यातल्या दोन गोष्टी आत्ताच सांगून ठेवतो.

आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूब सेकंदाला १०० वेळा उघडझाप करते. डोळ्याला कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. शटर १/५०० वर ठेवलं की एक फोटो उजळ, दुसरा मंद, तिसरा हिरवट. शटर १/१०० किंवा १/५० ठेवा. मिररलेस घेतलात तर आवाज न करणारं इलेक्ट्रॉनिक शटर तिथं वापरू नका, फोटोवर आडवे पट्टे येतात.

दुसरं, आत लेन्स बदलायची नाही. हवेत सुताचे तंतू तरंगत असतात, ते थेट सेन्सरवर जाऊन बसतात. एकच लेन्स लावून आत जायचं आणि तीच लावलेली बाहेर यायचं.

---

काळापांढरा

जुळेकरांचं कारखान्यापुरतं बरोबर आहे. पण उंबऱ्यातल्या बायका उन्हाच्या कडेला बसलेल्या असतात, आणि तिथं निगेटिव्हची बाजू मांडायलाच हवी.

सोलापुरात सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वज धरणाऱ्या मानकऱ्यांचे फोटो काढायचा ज्यांनी प्रयत्न केलाय त्यांना मी काय म्हणतो ते लगेच कळेल. पांढरी शुभ्र बाराबंदी, पांढरं धोतर, उन्हात रापलेला सावळा चेहरा आणि जानेवारीचं स्वच्छ ऊन. चेहऱ्यासाठी एक्स्पोजर धरलं की डिजिटलमध्ये बाराबंदीचा पांढरा पार उडून जातो, कापडाची वीणच राहत नाही. सेन्सर सरळ हिशेबाने भरतो, आणि भरला की संपलं, त्याच्यापुढे काहीच नोंदवत नाही. निगेटिव्ह फिल्म तशी एकदम संपत नाही. जास्त उजेड पडला की तिचा प्रतिसाद हळूहळू मंदावत जातो, त्यामुळे पांढऱ्यातही सुरकुती, शिवण, घडी शिल्लक राहते. एचपी-५ प्लस (कृष्णधवल फिल्म) किंवा पोर्ट्रा ४०० (रंगीत) ला दोन स्टॉप, म्हणजे चौपट, उजेड दिला तरी चालतो. चालत नाही ते कमी उजेड देणं. सावलीत काही नोंदलंच नाही तर ते कुठून आणणार? म्हणून निगेटिव्हवर मोजणी सावलीची करायची आणि डिजिटलवर पांढऱ्याची. सवय नेमकी उलटी लागते.

याशिकाबद्दल: १२० च्या रोलवर बारा फ्रेम, प्रत्येक साधारण ५६ बाय ५६ मिलिमीटर. म्हणजे ३५ एमएमच्या फ्रेमच्या साडेतीन पटींहून जास्त क्षेत्रफळ. आज्जीच्या फोटोतली कातडी तुम्हाला आठवते त्यात या आकाराचा वाटा मोठा आहे. फिल्मचा कण बारीक दिसतो आणि करड्या छटा एकमेकींत सावकाश मिसळतात.

आणखी एक. या कॅमेऱ्यात छातीपाशी धरून वरून खाली बघायचं असतं. समोरच्या माणसावर काही रोखलंय असं वाटत नाही. तुम्ही मान खाली घालून फोकस करता, मग मान वर करून त्याच्याशी बोलता आणि बोलता बोलता बटण दाबता. म्हातारी माणसं यात खूप मोकळी होतात, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय.

मर्यादाही सांगतो. ही लेन्स साधारण एक मीटरच्या आत फोकस होत नाही. फ्रेमभर चेहरा हवा असेल तर क्लोजअपची जोडलेन्स लावावी लागते, आणि इतक्या जवळून नाक मोठं दिसतं. कंबरेपासून वर, हातात सूप, मागे दार, अशा चित्रासाठी मात्र ती उत्तम.

---

लेन्सवाला_जुळे

बाराबंदीचा प्रश्न डिजिटलमध्ये सुटलेला आहे. रॉमध्ये (कॅमेऱ्यानं प्रक्रिया न केलेली फाईल) काढायचं, पांढरा उडणार नाही इतकंच एक्स्पोजर द्यायचं आणि चेहरा नंतर उचलायचा. डी-७५० मध्ये तर पांढरा वाचवणारं मोजमाप वेगळं दिलेलंच आहे. कमी आयएसओवर सावलीतून तीन स्टॉप सहज निघतात.

वाकून बघण्याचा मुद्दा चांगला आहे, पण बाहेर काढून वळवता येणारा स्क्रीन असला की डिजिटललाही तेच करता येतं. ७००डीला तो आहे.

---

सात_रस्ता

वाचतोय. चांगला धागा.

---

इरकली

पूर्वभागकर दादा, मी विडी कामगार बायकांचे फोटो काढलेत, माझी मावशी स्वतः विड्या वळायची. दोन गोष्टी सांगावीशा वाटतात.

पहिली वेळेची. विडीची मजुरी हजारावर असते. तुम्ही तिला अर्धा तास नुसतं बसवून ठेवलंत, तर तो अर्धा तास तिच्या मजुरीतून जातो. फिल्मवर फोटोग्राफर सावकाश होतो, विचार करून बटण दाबतो, हे खरं आहे आणि फोटोग्राफरला ते फार छान वाटतं. समोर बसलेल्या बाईला त्याची किंमत पडते, ती आपण मोजत नाही. माझा नियम असा की हात थांबवायला सांगायचं नाही. विड्या चालू राहू देत, तुम्ही शेजारी बसा, बोला. ती मान वर करते तेवढाच क्षण तुमचा. या पद्धतीला डिजिटल जास्त सोयीचं पडतं, कारण दहातला एक फोटो लागतो. वर फोटो लगेच तिला दाखवता येतो. तो बघून ती स्वतः पदर नीट करते, "आता काढ" म्हणते, आणि खरा फोटो बहुतेक वेळा तो दुसरा असतो.

दुसरी गोष्ट रंगाची, आणि यावर मला जरा सविस्तर बोलायचंय, कारण फिल्म की डिजिटल या वादात आपल्या कातडीचा रंग कुणी धरतच नाही.

रंगीत फिल्म आली तेव्हा कोडॅक प्रयोगशाळांना एक नमुना कार्ड पाठवायची. त्यावर गोऱ्या बाईचा फोटो असायचा. त्या बाईवरून त्याला शर्ली कार्ड हे नाव पडलं. प्रिंट काढणाऱ्यानं मशीन त्या गोऱ्या कातडीवर जुळवायचं. सावळ्या माणसांचे चेहरे त्या जुळणीत मातकट, एकसारखे आणि तपशील हरवलेले येत. पुढे चॉकलेटवाल्यांनी आणि लाकडी फर्निचरवाल्यांनी तक्रार केली, की आमच्या तपकिरी छटा वेगवेगळ्या दिसत नाहीत, तेव्हा कोडॅकनं गडद छटांकडे लक्ष द्यायला सुरुवात केली. माणसांच्या चेहऱ्यांसाठी जे आधी झालं नाही ते कपाटांसाठी झालं. हे वाचलं तेव्हा घरातले जुने रंगीत अल्बम पुन्हा काढून बघितले. लग्नाच्या फोटोत नवरीकडच्या गोऱ्या मामी स्वच्छ दिसतात आणि मागच्या रांगेतल्या माझ्या आत्या नुसत्या सावल्या.

आता फिल्म सुधारली, पोर्ट्रा सावळ्या कातडीला खरंच सुंदर आहे. पण डिजिटलमध्ये तोच आजार दुसऱ्या वाटेनं आलाय. मोबाईलचा ब्युटी मोड विचारल्याशिवाय उजळ करतो, सुरकुत्या पुसतो. ज्या बाईच्या बोटांवर तंबाखूचा रंग बसलाय तिची बोटंही तो गुळगुळीत करून टाकतो. कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटरही फसतो. त्याला सगळं जग मधल्या करड्यासारखं दिसायला हवं असतं. पांढऱ्या भिंतीसमोर सावळी बाई बसली की तो भिंतीचं ऐकतो आणि चेहरा काळा करतो. तिला गडद दारासमोर बसवलं की तो चेहरा उगाच उजळ करून राखाडी करतो. म्हणून स्पॉट मीटर (फक्त एका ठिपक्याचा उजेड मोजणारा) गालावर धरा, आणि तिच्या कातडीची जी खरी छटा आहे तीच ठेवा. सावळा चेहरा नुसता उजळ केल्यानं चांगला दिसत नाही. त्यावर बाजूनं येणारा उजेड हवा, म्हणजे गालाच्या हाडावर, कपाळावर, नाकाच्या कडेला चमक उमटते आणि आकार कळतो. उंबऱ्यातला उजेड तसाच असतो, बाहेरून एका बाजूनं आत येणारा. फ्लॅशची गरजच नाही.

---

निवृत्त_स्टुडिओ

इरकली ताईंनी लिहिलेलं वाचून राहवलं नाही म्हणून लिहितो. नवी पेठेजवळ माझा स्टुडिओ होता, वडिलांनी सुरू केलेला. आता बंद आहे.

वडिलांच्या वेळी हाफ प्लेटचा लाकडी कॅमेरा होता. सुरुवातीच्या ऑर्थो प्लेटला लाल रंग दिसत नसे. आपल्या कातडीत लालसर-तपकिरी भाग जास्त, त्यामुळे चेहरा असतो त्याहून काळा यायचा, ओठ तर काळेच. म्हणून स्टुडिओत आरसा, कंगवा आणि पावडरचा डबा ठेवलेला असायचा. लोकांना वाटतं ती नुसती हौस होती. फिल्मची गरजही होती. पुढे पॅनक्रोमॅटिक फिल्म आली, तिला लाल दिसू लागला, तरी पावडर काही गेली नाही. मग निगेटिव्हवर टोकदार पेन्सिलनं रिटचिंग. निगेटिव्हवर जिथं पेन्सिल फिरेल तिथं प्रिंटमध्ये उजळ येतं. डोळ्यांखालची काळी वर्तुळं, सुरकुत्या, देवीचे व्रण, सगळं पेन्सिलनं भरायचं. गिऱ्हाईक म्हणायचं, "थोडं गोरं करा." आम्ही करत होतो. त्यामुळे जुन्या फोटोत सगळं खरं असायचं, असं कुणी समजू नये. तेव्हाही चेहरा बदलत होताच, फक्त हातानं आणि वेळ लावून.

मला धागाकर्त्यांना विचारायचंय ते वेगळंच. सत्तर हजार कॅमेऱ्यावर घालायचे कशाला? तुमची ७००डी १८ मेगापिक्सेलची आहे, फाईल ५१८४ बाय ३४५६. बारा बाय अठराचा प्रिंट काढला तर इंचाला २८८ ठिपके पडतात. घराच्या भिंतीवर याहून जास्त कुणाला लागत नाही. कमी आहे ती लेन्स. कॅननची ५० एमएम एफ १.८ एसटीएम दहा हजारांच्या आसपास येते. तुमच्या बॉडीवर ती ८० एमएमसारखी दिसते, म्हणजे पोर्ट्रेटची लेन्सच झाली. कारखान्यातल्या उजेडात एफ २, आयएसओ १६००, शटर १/१००, एवढ्यात काम व्हायला हरकत नाही. थोडे दाणे आले तर येऊ देत, कृष्णधवल करा.

उरलेले पैसे प्रिंट आणि फ्रेमसाठी ठेवा. अट तुम्हीच घातलीय. पन्नास माणसं धरली तर पन्नास चांगले प्रिंट, माउंट आणि फ्रेम, यात किती जातात ते आधी कागदावर मांडा. माझ्या अनुभवात लोकांचे उपक्रम इथंच अडतात. कॅमेरा येतो, फोटो निघतात, प्रिंटचे पैसे उरत नाहीत, आणि माणसं वाट बघत राहतात.

---

लेन्सवाला_जुळे

काका, तुमचं म्हणणं पटलं. मी फुलफ्रेमचा आग्रह सोडतो. ५० एमएम घेतलीत की एक करा, एफ १.८ वर सरसकट काढू नका. एवढ्या जवळून एक डोळा फोकसमध्ये आणि दुसरा धूसर होतो. एफ २.८ ला चेहरा पुरता धारदार येतो, कारखान्यात नाइलाज असेल तेव्हाच एफ २. आणि फोकसचा ठिपका मधला वापरा, ७००डीचा मधलाच अंधारात भरवशाचा आहे.

---

पुण्यातला_सोलापूरकर

फिल्मचा रंग, फिल्मचा रंग म्हणून जे मोबाईलवर फिरतं त्याबद्दल एक सांगायला हवं. तुम्ही रंगीत रोल लॅबला दिलात की तिथला माणूस तो नोरित्सू किंवा फ्रंटियर यंत्रावर स्कॅन करतो आणि स्कॅन करताना रंग ठरवतो. तोच रोल दोन लॅबमध्ये स्कॅन करून घ्या, दोन वेगळे चेहरे मिळतील. निगेटिव्ह नारिंगी असते, तिचा "खरा" रंग असा काही नसतोच, कुणीतरी तो ठरवावा लागतो. म्हणजे शर्ली कार्डची जागा आज स्कॅनर चालवणाऱ्याच्या नजरेनं घेतलीय. रंगीत फिल्म करायचीच तर एका लॅबशी नीट बोलून घ्या, आपल्या माणसांचा एक चांगला प्रिंट नमुना म्हणून पाठवा आणि सांगा की उजळ करू नका.

मला विचाराल तर रंगीत काम डिजिटलवर करा, फिल्म कृष्णधवलपुरती ठेवा. कृष्णधवल घरी धुता येतं, सगळं आपल्या हातात राहतं.

---

कुंभार_वेस

मोबाईलवर चालणार नाही का हे काम? नवीन मोबाईलचे पोर्ट्रेट मस्त येतात.

इरकली

प्रिंट बारा बाय अठराचा काढून बघा. मोबाईल मागचं धूसर करतो ते हिशेब करून करतो, लेन्सनं नाही. पिकलेल्या मोकळ्या केसांची कड, नथीची तार, सुपाची कड, अशा ठिकाणी तो हिशेब चुकतो. स्क्रीनवर दिसत नाही, भिंतीवर दिसतं.

---

पूर्वभागकर

सगळ्यांचे मनापासून आभार. काकांनी तर हिशेबच बदलून टाकला. हजारावरच्या मजुरीचा मुद्दा आमच्याच घरातला असून माझ्या डोक्यात आला नव्हता, इरकली ताई.

आता असं ठरवतोय. ७००डी तीच, ५० एमएम घेतो, सगळ्यांचे फोटो तिच्यावर. प्रिंटचे पैसे आधी बाजूला. आणि मामांची याशिका दुरुस्त करून, ज्यांना वेळ आहे आणि हौस आहे अशा मोजक्या म्हाताऱ्या विणकरांचे कंबरेपासून वरचे फोटो, मागावरून उतरलेले, दारात खुर्चीवर बसलेले. एचपी-५ प्लस, घरीच धुवायचे.

काळापांढरा दादा, इथं एक अडचण. सगळीकडे वाचतो की केमिकल २० अंशांवर हवं. आपल्याकडे एप्रिलमध्ये टाकीचं पाणी हाताला चटका देतं. आणि नळाला रोज पाणी नाही. कसं करता तुम्ही?

---

काळापांढरा

हा प्रश्न विचारलात ते फार बरं केलंत. पुस्तकात लिहिलेलं सगळं थंड गावांचं असतं. मी करतो ते सांगतो.

डेव्हलपर (फिल्मवर चित्र उमटवणारं केमिकल) आयडी-११ किंवा डी-७६, दोन्ही जवळपास एकच. एचपी-५ प्लस २० अंशांना नुसत्या डेव्हलपरमध्ये साडेसात मिनिटं, तेवढंच पाणी घालून १+१ केलं तर १३ मिनिटं. आपल्याकडे १+१ च घ्यायचं. तापमान वाढलं की वेळ कमी होतो, आणि पाच मिनिटांच्या खाली गेलात तर फिल्म एकसारखी धुतली जात नाही, आभाळावर डाग दिसतात. १+१ मध्ये २४ अंशांना साधारण ९ मिनिटं येतात, म्हणजे भरपूर जागा उरते. २० चा हट्ट सोडा, २४ धरा.

२४ वर आणायचं कसं? डिस्टिल्ड पाण्याची बाटली फ्रिजमध्ये. डेव्हलपर खोलीच्या तापमानाला असतो, त्यात हे गार पाणी घालत थर्मामीटरवर २४ आणायचं. सगळ्यांत महत्त्वाचं, फिक्सर (चित्र पक्कं करणारं केमिकल) आणि धुण्याचं पाणीही त्याच्या आसपासच ठेवा. २४ च्या डेव्हलपरमधून काढून फिल्म एकदम ३५ च्या पाण्यात टाकली तर वरचा थर आक्रसून जाळीदार भेगा पडू शकतात. पसरट टबमध्ये गार पाणी घेऊन सगळ्या बाटल्या त्यात उभ्या करायच्या.

धुण्यासाठी नळाखाली अर्धा तास सोडायची काही गरज नाही. एचपी-५ बनवणाऱ्या इलफर्डनं दिलेली पद्धत आपल्यासाठीच आहे असं वाटतं. हार्डनर (फिल्मचा थर कडक करणारं रसायन) नसलेला फिक्सर वापरायचा. मग टाकी भरायची, पाच वेळा उलटी-सुलटी, पाणी ओतायचं. पुन्हा भरायची, दहा वेळा. तिसऱ्यांदा वीस वेळा. झालं. १२० च्या टाकीला एका वेळी सुमारे अर्धा लिटर, म्हणजे दीड-दोन लिटरमध्ये फिल्म धुऊन निघते. बोअरचं पाणी जड असेल तर वाळल्यावर पांढरे डाग पडतात, म्हणून शेवटचं पाणी डिस्टिल्ड, त्यात वेटिंग एजंटचे (पाण्याचे थेंब न धरू देणारं द्रव) दोन-तीन थेंब.

काळ्या पिशवीत रोल रिळावर चढवताना हाताला घाम येतो, आणि प्लास्टिकच्या रिळावर ओली फिल्म चिकटून अडते. पहाटे करा, पंखा बंद करून, कारण पंख्याची धूळ पुढे वाळवताना त्रास देते. रीळ अगदी कोरडं हवं.

रोल ठेवायचे फ्रिजमध्येच. वापरायच्या आधी बाहेर काढून तास-दोन तास डबी बंदच राहू द्या, नाहीतर आतल्या गारव्यावर पाणी साचतं. गाडीच्या डिकीत रोल ठेवून उन्हात फिरू नका. फोटो काढून झालेला रोलही फार दिवस पडू देऊ नका.

याशिकाबद्दल दोन गोष्टी. तिच्या मीटरला पाऱ्याचा १.३५ व्होल्टचा सेल लागायचा, तो आता बनत नाही. १.५ व्होल्टचा घातला तर मीटर चुकीचं सांगतो. मीटरवर विसंबूच नका, ७००डीला मीटर म्हणून वापरा, त्याच आयएसओवर वाचा आणि तेच आकडे याशिकावर लावा. आणि दुरुस्तीला देताना मागच्या झाकणाचा फोम तपासायला सांगा. इतक्या उन्हाळ्यांत त्याचा चिकट भुगा झालेला असतो, तिथून उजेड आत शिरतो.

चेहऱ्यासाठी एक फिल्टर सुचवतो. कृष्णधवलवर पिवळा-हिरवा लावलात तर कातडी किंचित गडद येते, सुरकुत्या आणि पोत स्पष्ट होतो, ओठ नीट उमटतात. नारिंगी किंवा लाल लावलात तर कातडी उजळ आणि गुळगुळीत होते. विणकरांच्या चेहऱ्यासाठी मी पिवळा-हिरवा घेईन.

---

निवृत्त_स्टुडिओ

प्रिंटचं राहिलं. फोटो काचेला चिकटवून फ्रेम करू देऊ नका. पावसाळ्यात आत ओल धरते, प्रिंटचा थर काचेला चिकटतो आणि सोडवताना फाटतो. मध्ये दोन-तीन मिलिमीटरचं माउंट घालायला सांगा, फ्रेमवाला थोडे जास्त घेईल, घेऊ द्या. आणि ज्या भिंतीवर दुपारचं ऊन येतं तिथं लावू नका असं घरच्यांना सांगा.

निगेटिव्ह प्लास्टिकच्या साध्या पिशवीत ठेवू नका, बटर पेपरची पाकिटं मिळतात. कृष्णधवल निगेटिव्ह नीट फिक्स करून नीट धुतली तर पिढ्यानपिढ्या टिकते. स्टुडिओ बंद झाले तेव्हा पोतीच्या पोती निगेटिव्ह भंगारात गेल्या, चांदी काढणाऱ्यांकडे गेल्या. तुमच्या गल्लीतल्या कितीतरी लोकांचे तरुणपणचे चेहरे त्यात होते. तुम्ही प्रत्येक पाकिटावर नाव, गल्ली, कोणत्या कारखान्यात काम केलं ते पेन्सिलनं लिहा. डिजिटलच्याही तीन प्रती ठेवा, एक दुसऱ्याच्या घरी.

---

पूर्वभागकर

काका, नावं लिहिणारच. तेलुगू नावं आणि आडनावं त्यांच्याच घरच्यांकडून लिहून घेतो, म्हणजे चुकणार नाहीत.

काळापांढरा दादा, शेवटचा प्रश्न. फिक्सर किती वेळ वापरता येतो हे कसं ओळखायचं? एका पाकिटात मिळतो तो एकदाच वापरून टाकायला जीव होत नाही.

---

काळापांढरा

रोलच्या टोकाचा कापलेला तुकडा उजेडातच फिक्सरमध्ये टाका आणि घड्याळ लावा. दुधाळ तुकडा किती वेळात पूर्ण पारदर्शक होतो ते बघा. ताज्या फिक्सरमध्ये लागलेला वेळ बाटलीवर लिहून ठेवा. फिल्म त्या वेळाच्या किमान दुप्पट ठेवायची. पुढे कधी तुकडा पारदर्शक व्हायला त्या पहिल्या वेळेच्या दुप्पट वेळ लागला, की तो फिक्सर संपला. नवीन करा, तिथं काटकसर नको.

याशिका दुरुस्त होऊन आली की कळवा. पहिला रोल आपण दोघं मिळून धुऊ, माझ्याकडे टाकी, थर्मामीटर सगळं आहे. इरकली ताईंनाही बोलवा.

इरकली

येते. मावशीलाही विचारते, ती बसायला तयार होईल. तिला डिजिटल आणि फिल्म दोन्हीवर काढा, आणि दोन्ही प्रिंट तिच्यासमोर ठेवा. कोणता भिंतीवर लावायचा ते ती ठरवेल.